पावणेचारशे मीटरचं अंतर

पुण्यात एक कुस्ती ठरली होती, ती झालीच नाही. हमीदा बानू विरुद्ध रामचंद्र साळुंके. गोष्ट १९५०च्या दशकातली. हमीदा मूळची उत्तर प्रदेशातली. ती पुरुष मल्लांनाच आव्हान द्यायची आणि ‘जो मला चीत करेल त्याच्याशी लग्न करीन’ असं जाहीर सांगायची. मे १९५४ मध्ये बडोद्याला तिनं बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत आस्मान दाखवलं. पुण्यातल्या लढतीला मात्र राष्ट्रीय तालीम संघानं विरोध केला आणि जोड मोडली. कोल्हापुरात तिनं एका पुरुष मल्लाला पाडलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड भिरकावले, पोलीस बोलवावे लागले. शेवटी तिनं मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. उत्तर मिळालं ते असं, की बंदी तुम्ही बाई आहात म्हणून नाही. आयोजक तुमच्यासमोर डमी मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत.

मला वाटतं, यात दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं असावं. हमीदाचं वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच. रोजचा खुराक म्हणजे साडेपाच लिटरच्या वर दूध, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी आणि वर दोन ताटं बिर्याणी. अशी बाई सत्तर किलोच्या गड्याच्या अंगावर पडली तर तो उठायचा नाही, हे सांगायला वस्ताद लागत नाही. पण काही कुस्त्या नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या, असणारच. त्या काळात पुरुषांच्याही असायच्या, आणि त्यासाठी कोणी पुरुषांची कुस्ती बंद पाडली नव्हती.

मी शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, वारज्यात राहते. हा विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही. २ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती माथ्याजवळ दूध घ्यायला गेले, तर बाजूच्या टपरीवर चर्चा रंगलेली. एका निवृत्त काकांनी मला गाठलंच. “बाई, मुली छानच खेळल्या, प्रश्नच नाही. पण तुम्ही ग्राउंडवरच्या माणूस, खरं सांगा. एखाद्या रणजी टीमपुढे टिकतील का या?”

“नाही टिकणार,” मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. त्यांना वाद हवा होता.

बायकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ही चूक फार वर्षं केली आहे. असा प्रश्न आला की आपण बिली जीन किंगचं नाव घेतो. १९७३ मध्ये तिनं बॉबी रिग्जला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, हे खरंच. पण रिग्ज तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता आणि ती एकोणतिशीत. १९९८ मध्ये जागतिक क्रमवारीत दोनशेच्याही मागे असलेल्या कार्स्टन ब्राशनं सेरेना आणि व्हीनस या दोघी बहिणींना एकामागोमाग एक सेट खेळून हरवलं, ६-१ आणि ६-२. ही गोष्ट आपण सांगत नाही. समोरचा मात्र नेमकी तीच सांगतो, आणि आपण गप्प. अमेरिकेचा महिला फुटबॉल संघ जगज्जेता असताना, २०१७ मध्ये, डॅलसच्या एका क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांशी सरावाचा सामना ५-२ असा हरला. हेही खरंच आहे. ते नाकारून काही मिळत नाही.

आपल्या मातीतला हिशेब घ्या. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली. तेव्हाचा तो राष्ट्रीय विक्रम. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ ८ मिनिटं ०९.९१ सेकंद. दोघांना एकाच शर्यतीत, आपापल्या याच वेगानं पळवलं, तर अविनाश फीत तोडेल तेव्हा ललिता सुमारे पावणेचारशे मीटर मागे असेल. म्हणजे एक फेरी व्हायला थोडंसंच कमी. त्यात पुरुषांचे अडथळे ३६ इंचांचे, बायकांचे ३० इंचांचे. तेव्हा तिला त्याच्या अडथळ्यांवरून पळवलं तर अंतर आणखी वाढेल.

आता दुसरा हिशेब. ललिता रिओच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई, मध्ये तब्बल बत्तीस वर्षं. अविनाश पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा आला. ती फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. दोघंही दुष्काळी मुलखातली. आपापल्या जगात ललिता त्याच्यापेक्षा एक नंबर वरच आहे. यातला कुठला हिशेब खरा? दोन्ही. पण टपरीवर फक्त पहिलाच विचारला जातो.

खाशाबा जाधवांचं नाव घेतलं की सगळं सातारा-कोल्हापूर ताठ उभं राहतं. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते ५७ किलोच्या गटात लढले. त्याच ऑलिंपिकमधल्या हेवीवेटच्या मल्लासमोर खाशाबा किती मिनिटं टिकले असते, असं गेल्या सत्तर वर्षांत मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कोणी विचारलं असतं तर त्याला तालमीतून हाकलून दिलं असतं. वजनी गटातला विजेता हा कोणाला कमअस्सल वाटत नाही. मग मुलींच्या गटातल्या विजेतीलाच ‘हो, पण’ का लावायचं? गट म्हणजे सवलत नव्हे. ज्या गोष्टीवर खेळाडूचा ताबा नाही ती गोष्ट बाजूला काढून बाकीचं मोजण्याची ती सोय आहे.

आणि ज्यावर ताबा नाही ती गोष्ट मैदानावर डोळ्यांनी दिसते. पाचवीच्या वर्गाला ग्राउंडवर आणा, फक्कीच्या दोन रेघा मारा, पन्नास मीटर पळवा. पहिल्या पाचात दोन-तीन मुली असणारच, कित्येकदा पहिलीही मुलगीच. या वयात मुली जरा आधी उंच होतात, त्यांना शिस्तही असते, शिट्टीआधी पळत नाहीत. मुलगे अर्ध्या वाटेत शेजारच्याकडे बघतात. मग सातवी-आठवी येते. तोच मुलगा सुट्टीवरून परत येतो तो आवाज फुटलेला, खांदे पसरलेले, चपलेचा नंबर दोननं वाढलेला. नववीत तो त्या मुलीला मागे टाकतो. तिनं सराव सोडलेला नसतो. उलट तो आळशी असतो आणि ती रोज येत असते. पहिल्यांदा तो पुढे जातो तेव्हा मुलगी थांबून स्वतःच्या बुटांकडे बघते, लेस सुटली की काय म्हणून. तिच्या पायात काही झालेलं नसतं, त्याच्या रक्तात झालेलं असतं. प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन बाईच्या पंधरापटीच्या आसपास असतं. त्यामुळे स्नायू वाढतात, हाडं लांब आणि जाड होतात, हिमोग्लोबिन वाढतं. १०० मीटरच्या विश्वविक्रमांत फरक साडेनऊ टक्क्यांचा, ९.५८ आणि १०.४९. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर, म्हणजे सोळा टक्के. वजन उचलण्यात तो आणखी वाढतो. जगातली सर्वोत्तम बाई आणि जगातला सर्वोत्तम पुरुष यांच्यातला हा फरक आहे. मात्र टपरीवरच्या कुठल्याही पुरुषानं त्यातला एक टक्काही स्वतःच्या खात्यावर जमा करून घेऊ नये. ललिता बाबर आजही आमच्या वारज्यातल्या तमाम पुरुषांना उड्डाणपुलापासून चांदणी चौकापर्यंत मागे टाकत नेईल.

सराव एकत्र करावा की नाही, हा मुद्दा वेगळा, आणि तिथे माझं मत ठाम आहे: करावा. पहाटे वारज्याच्या स्मृतिवनाच्या बाजूला चढावर मुलं पळतात, त्यांच्यात दोन-तीन मुली असतात. मुलींच्या पुढे पळायला कोणी नसेल तर त्यांची वेळ सुधारत नाही. केनियाची फेथ किपयेगॉन २०२५च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये एक मैल चार मिनिटांच्या आत पळायला उतरली, तेव्हा तिच्या मागेपुढे वाऱ्याची भिंत करायला बहुतेक पुरुष धावकच होते. वेळ लागली ४ मिनिटं ०६.४२ सेकंद. जमलं नाही. पण तिच्याआधी कुठलीही बाई इतकी जवळ गेली नव्हती. (रॉजर बॅनिस्टरनं पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल काढला तोही मे १९५४ मध्येच, हमीदा बडोद्यात लढली तोच महिना.) पुरुषांसोबत पळून बाई वेगवान होते. पुरुषांविरुद्ध पळवून तिला फक्त हरवता येतं.

इथवर काका माझ्या बाजूचे झाले असतील. पुढचं त्यांना आवडेल की नाही, शंका आहे.

कारण सगळ्या खेळांत रक्तातलं हे गणित चालत नाही. वारज्याहून बाह्यवळणानं बालेवाडीला जा, श्री शिवछत्रपती क्रीडानगरीतल्या शूटिंग रेंजवर उभं राहून बघा. दहा मीटर अंतर, समोरच्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, हातात पाच-साडेपाच किलोची रायफल. इथे दंड फुगवून काही साधत नाही. उलट श्वास थोपवायचा असतो, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ट्रिगर दाबायचा असतो. पुण्यात राहणाऱ्या अंजली भागवतनं २००२ मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब घेतला. ती स्पर्धा एअर रायफलची होती आणि स्त्री-पुरुष एकत्र उभे होते. एक मराठी बाई पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे गेली, तेही काल-परवा नव्हे, वीसहून अधिक वर्षांपूर्वी. ‘बायका पुरुषांपुढे टिकतील का’ हे विचारणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

त्याच्याही दहा वर्षं आधी, १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, स्कीट नेमबाजीत स्त्री-पुरुष एकत्र होते. चीनच्या झांग शाननं सुवर्ण जिंकलं. पुरुषांना मागे टाकून. त्यानंतरच्या ऑलिंपिकमध्ये, अटलांटात, स्कीटमध्ये स्त्रियांना जागाच नव्हती. एकत्र गट बंद, आणि वेगळा महिला गट तेव्हा सुरूच झालेला नव्हता. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती आपलं पदक राखायला उतरूच शकली नाही. महिलांचा स्कीट आला तो २००० मध्ये, सिडनीत.

पुढेही गंमत चालूच राहिली. एअर रायफलमध्ये पुरुष साठ गोळ्या झाडायचे आणि बायका चाळीस. का, याचं धड उत्तर कोणाकडे नव्हतं. वीस गोळ्या जास्त झाडून बाईचा खांदा निखळणार होता की काय? २०१८ पासून दोघांनाही साठ झाल्या आणि आकडे शेजारी शेजारी ठेवता आले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत कोरियाच्या सोळा वर्षांच्या बान ह्योजिननं ६३४.५ गुण केले. पुरुषांच्या पात्रता फेरीत एकालाही तो आकडा गाठता आला नाही. आपल्याकडची रमिता जिंदल ६३१.५ गुणांसह बायकांत पाचवी. अर्जुन बबुता ६३०.१ गुणांसह पुरुषांत सातवा. दोघांचाही अंतिम फेरीत प्रवेश. अर्जुन पुढे चौथा आला, कौतुक आहेच. मात्र रमिता त्याच्यापेक्षा कमी नव्हती, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, कारण दोघांचे कागद वेगळ्या फायलीत.

बुद्धिबळात तर आपल्याकडे हा खटला चालून निकालही लागलेला आहे. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तिघी बहिणी, ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या मुली. भारतीय महिला बुद्धिबळाची पहिली काही वर्षं ही या एका घराची. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मोठा गहजब झाला. पोरगी पुरुषांच्या पटावर बसलीच कशी? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते, यांनी निकाल दिला की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही. त्या काळात रोहिणीनं हरवलेल्यांत तीन राज्यांचे विजेते होते, आणि त्यांतले एक महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे, देशातल्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते.

पुढे हंगेरीच्या जुडिथ पोल्गारनं महिलांच्या स्पर्धा जवळजवळ टाळल्याच. ती जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. २००२ मध्ये तिनं गॅरी कास्पारोवला हरवलं. पण पोल्गार एकच झाली, हेही मान्य करायला हवं. एकच का झाली? माझ्या मते, पटावर बसणाऱ्या मुलींची संख्याच तुटपुंजी आहे. दहा हजार मुलगे आणि पाचशे मुली खेळल्या, तर सगळ्यात वरच्या दहांत मुलगेच दिसणार. त्याला मेंदूचं कारण शोधायची गरज नाही. तरी इथे मला स्वतःलाच एक अडचण दिसते. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ला बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्या विजयानं थेट ग्रँडमास्टर झाली. वेगळा महिला गट नसता तर हा किताब तिला त्या दिवशी मिळाला नसता, ती चार-सहा वर्षांच्या मुलींच्या घराघरांत पोहोचली नसती. तेव्हा गट नको असं मी म्हणत नाही. तिला गटात कोंडू नका, एवढंच म्हणते.

गटाला कुंपण घातलं की कुंपणाला पहारेकरी लागतो, आणि पहारेकऱ्याच्या हातून कोणाचं तरी आयुष्य मोडतं. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलेल्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं पदक लिंग चाचणीनंतर काढून घेतलं गेलं. २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं महिला गटासाठी एकदा जनुक चाचणी सक्तीची केली आहे. धावण्यात गट हवा असेल तर कुठेतरी रेघ ओढावी लागणार, हे मी मैदानावरची माणूस म्हणून जाणते. मात्र ती रेघ एखाद्या मुलीला टीव्हीवरच्या बातमीतून कळू नये.

वेगळा गट नसतो तिथे बाई दिसतच नाही, हेही कुस्तीनंच दाखवलं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती २०२३ मध्ये, सांगलीत. प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. मधली बासष्ट वर्षं मुली कुस्ती करत नव्हत्या असं नाही. त्यांना गदा नव्हती. मध्ये शेजारच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, बदल झाला, तो आमच्या डोळ्यांसमोर. ३० मे २०२५ला खेत्रपाल परेड ग्राउंडवरून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या, मुलांच्याच रांगेत, एकाच संचलनात. मुली शारीरिक कसोटीत मुलांशी बरोबरी करतात का, हा प्रश्न इथेही निघाला होता, अगदी माळवाडीच्या भाजी मंडईत. आता तो कानावर कमी येतो, कारण पास झालेल्या मुलींना आता लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

तर जिल्हा पातळीवर करायचं काय? धावणं, उड्या, फेक, कुस्ती, कबड्डी: गट वेगळेच राहू द्या, आणि मुलींच्या गटाला मुलांइतकंच ग्राउंड, तीच सकाळची वेळ आणि तेवढीच बक्षिसं द्या. मी शिकवत होते तिथे मुलींच्या सरावाला दुपारचं ऊन नेमलेलं असायचं, कारण सकाळ मुलांच्या क्रिकेटची. बुद्धिबळ आणि नेमबाजीत मात्र एक गट खुला ठेवा आणि त्याशिवाय मुलींचा गट ठेवा, जसं आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात आहे. शालेय बुद्धिबळात आज मुलांचा गट आणि मुलींचा गट असे दोन कप्पे आहेत. त्यातल्या ‘मुलांचा’ या शब्दाच्या जागी ‘खुला’ लिहायला नवं मैदान लागत नाही, निधी लागत नाही, मंत्रालयात फेऱ्याही नाहीत. पहिल्या वर्षी खुल्या गटात दोन-चारच मुली नावं देतील, त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन फेऱ्यांत मागे पडतील आणि टपरीवरचे काका ‘बघा, सांगत होतो ना’ म्हणतील. म्हणू देत. त्या मुली तोपर्यंत पुढच्या वर्षीच्या ओपनिंगची तयारी करत असतील.